टीबीच्या रुग्णाच्या अंगावर काळे-निळे डाग : ‘अ‍ॅक्वायर्ड हिमोफिलिया’ हा दुर्मिळ आजार काय आहे?

टीबी म्हटले की खोकला, संध्याकाळचा ताप, उतरलेले वजन आणि थुंकीतून पडणारे रक्त ही लक्षणे घरोघरी माहीत आहेत. थुंकीतले रक्त बहुतेक वेळा फुप्फुसातल्या जखमेतून येते आणि टीबीच्या औषधांनी ते थांबते. पण अगदी मोजक्या रुग्णांत रक्तस्राव भलत्याच ठिकाणी सुरू होतो. कुठे आपटले नसताना मांडीवर तळहाताएवढा काळा-निळा डाग उठतो. इंजेक्शन दिलेल्या जागी टेंगूळ येऊन हात सुजतो. दात काढला तर दोन-दोन दिवस रक्त थांबत नाही.

अशा वेळी ‘अशक्तपणा आहे’, ‘गोळ्या उष्ण पडल्या’ असे म्हणून दिवस काढले जातात, नाहीतर टीबीच्या गोळ्याच बंद केल्या जातात. दोन्ही गोष्टी जिवावर बेतू शकतात. या डागांमागे जी कारणे असू शकतात, त्यांतले सर्वांत दुर्मिळ आणि सर्वांत सहज निसटणारे कारण म्हणजे अ‍ॅक्वायर्ड हिमोफिलिया, म्हणजेच जन्मजात नसलेला, नंतर जडलेला हिमोफिलिया.

आजार थोडक्यात

- काय होते : रक्त गोठवणाऱ्या ‘फॅक्टर ८’ या घटकाविरुद्ध शरीर स्वतःच प्रतिपिंडे तयार करते.
- किती जणांना : दरवर्षी दहा लाख लोकसंख्येमागे साधारण एक ते दीड.
- कोणाला : स्त्री-पुरुष दोघांनाही. प्रामुख्याने वयस्कर माणसे आणि नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रिया.
- पहिली खूण देणारी तपासणी : ‘एपीटीटी’ ही रक्तचाचणी.
- बरा होतो का : वेळेत ओळखला तर बहुतेकांत आटोक्यात येतो.

रक्त गोठते कसे?

बोट कापले की आधी रक्तातल्या प्लेटलेट पेशी त्या जागी गोळा होऊन तात्पुरता बूच लावतात. हा बूच पक्का करायला फायब्रिन नावाच्या धाग्यांची जाळी लागते. ती तयार होण्यासाठी रक्तातले बरेच घटक एकामागून एक कामाला लागतात. त्यांना क्रमांक दिलेले आहेत आणि त्यांतला आठवा तो फॅक्टर ८.

स्लॅब टाकताना मजुरांची रांग उभी असते आणि घमेली हातोहात पुढे जातात. मधला एक माणूस बाजूला काढला तर घमेले तिथेच अडते. फॅक्टर ८ निकामी झाला की असेच होते. प्लेटलेटचा बूच लागतो, पण जाळी विणली जात नाही. म्हणून वरवरचे खरचटणे एखादे वेळी लवकर थांबते, पण स्नायूच्या आत किंवा कातडीखाली सुरू झालेला रक्तस्राव पसरतच राहतो.

जन्मजात आणि नंतर जडलेला

जन्मजात हिमोफिलियात फॅक्टर ८ तयार करणाऱ्या जनुकातच दोष असतो. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे आजार मुख्यतः मुलग्यांत दिसतो, सुमारे पाच हजार मुलग्यांमागे एकाला. तो लहानपणापासून कळतो, गुडघे आणि कोपरांत रक्त साठते, पुष्कळदा मामाला किंवा मावसभावाला तोच त्रास असतो.

नंतर जडलेल्या हिमोफिलियात जनुक ठणठणीत असते. फॅक्टर ८ तयारही होतो. पण रोगजंतूंशी लढण्यासाठी असलेली प्रतिपिंडे चुकून याच घटकावर चालून जातात. घराण्यात कोणाला हा आजार नसतो आणि आधीच्या आयुष्यात रक्तस्रावाचा त्रास झालेला नसतो. सांध्यांपेक्षा कातडीखाली आणि स्नायूंत रक्त साठणे यात जास्त दिसते. ‘आमच्यात कोणाला नाही, मग याला कसा?’ हा घरच्यांचा प्रश्न म्हणूनच इथे लागू पडत नाही.

टीबीशी संबंध काय?

या आजाराच्या जवळपास निम्म्या रुग्णांत कोणतेही कारण सापडत नाही. उरलेल्यांत संधिवात किंवा ल्युपससारखे आजार, कर्करोग, बाळंतपण आणि काही औषधे ही कारणे दिसतात. टीबी हे त्यांतले फार क्वचित आढळणारे कारण. वैद्यकीय नियतकालिकांत त्याच्या नोंदी एकेका रुग्णाच्या स्वरूपातच येतात. टीबीसोबत ‘फॅक्टर ५’ विरुद्ध प्रतिपिंडे तयार झाल्याच्याही नोंदी आहेत.

डॉक्टर याचा अर्थ असा लावतात : टीबीचा जंतू शरीरात महिनोन्‌महिने ठाण मांडतो. रोगप्रतिकारशक्ती सतत पेटलेली राहते आणि या लांबलेल्या लढाईत आपले आणि परके यांतला फरक करताना तिची चूक होते.

जगभरात २०२३ साली टीबीचे अंदाजे एक कोटी आठ लाख नवे रुग्ण होते आणि त्यांतले सुमारे २६ टक्के भारतातले होते, असे जागतिक आरोग्य संघटनेचा अहवाल सांगतो. एवढ्या रुग्णांच्या देशात दुर्मिळ आजारही कुठल्या ना कुठल्या दवाखान्याच्या दारात येणारच. तो आला की ओळखता यावा, एवढाच प्रश्न आहे.

ही लक्षणे दिसली तर थांबू नये

- मार न लागता उठणारे मोठे काळे-निळे डाग, विशेषतः मांडी, दंड, पोट आणि पाठीवर
- इंजेक्शन किंवा सलाईनच्या जागी वाढत जाणारी सूज
- एखादा हात किंवा पाय अचानक सुजून ताठ होणे, ठणकणे, मुंग्या येणे
- दात काढल्यावर किंवा छोट्या शस्त्रक्रियेनंतर न थांबणारे रक्त
- लघवी लाल होणे, शौच काळी डांबरासारखी होणे
- थुंकीतून पडणारे रक्त एकाएकी वाढणे
- डागांबरोबर चक्कर, धाप, चेहरा पांढराफटक पडणे
- अचानक तीव्र डोकेदुखी, उलटी, गुंगी

शेवटची तीन लक्षणे असतील तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. जिभेखाली किंवा गळ्यात सूज येऊन श्वास अडकत असेल तरीही तेच.

प्रत्येक डाग म्हणजे हाच आजार नव्हे

टीबीच्या रुग्णाच्या अंगावर डाग उठण्याची याहून जास्त वेळा आढळणारी कारणे आहेत. ती आधी तपासली जातात.

प्लेटलेट कमी होणे : प्लेटलेट साधारण दीड ते साडेचार लाख असतात. टीबीमुळे त्या घटू शकतात. रिफाम्पिसिन या औषधाची उलट प्रतिक्रिया म्हणूनही त्या अचानक खाली येतात. यात मोठ्या डागांपेक्षा पायांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके, नाकातून आणि हिरड्यांतून रक्त हे जास्त दिसते. औषधात खंड पाडून मनानेच पुन्हा सुरू करणाऱ्यांत रिफाम्पिसिनच्या अशा प्रतिक्रियेचा धोका वाढतो. ही प्रतिक्रिया एकदा नक्की झाली, की ते औषध त्या रुग्णाला सहसा पुन्हा दिले जात नाही.

यकृताला इजा : आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तिन्ही औषधे काही रुग्णांच्या यकृताला बाधतात. रक्त गोठवणारे बरेच घटक यकृतात तयार होतात. इथे डागांबरोबर डोळे पिवळे होणे, मळमळ, अन्नावरची वासना उडणे ही लक्षणे असतात. दारू पिणाऱ्यांत धोका अधिक.

डीआयसी : टीबी रक्तातून सर्व शरीरात पसरला तर गोठवणारे घटक एकदमच वापरले जाऊन संपतात. रुग्ण अत्यवस्थ असतो आणि त्याला अतिदक्षता विभागाची गरज लागते.

डाग गोळ्या सुरू होण्याआधीचे की नंतरचे, लहान ठिपके की मोठे चट्टे, सोबत कावीळ आहे का, या तीन गोष्टी घरच्यांनी नीट सांगितल्या तर डॉक्टरांचे निम्मे काम सोपे होते. डागांचे रोज मोबाइलवर फोटो काढून ठेवले तर आणखी चांगले.

सुजलेली पोटरी : दोन उलटे आजार

सर्वांत मोठी गफलत इथे होऊ शकते. टीबीत रक्त गोठण्याची प्रवृत्ती उलट वाढतेसुद्धा. बराच काळ अंथरुणावर पडून राहिल्याने आणि शरीरातल्या दाहामुळे पायाच्या खोल शिरेत गाठ धरते. तिला डीव्हीटी म्हणतात. ही गाठ सुटून फुप्फुसात गेली तर मृत्यू ओढवू शकतो. टीबीच्या रुग्णांत डीव्हीटी हा अ‍ॅक्वायर्ड हिमोफिलियापेक्षा कितीतरी जास्त आढळतो.

एका पायाची पोटरी सुजली, दुखते आहे, एवढ्यावरून दोन्ही आजार सारखेच दिसतात. उपचार मात्र नेमके उलटे आहेत. शिरेत गाठ असेल तर रक्त पातळ करणारे औषध लागते. स्नायूत रक्त साठले असेल तर तेच औषध घातक ठरते. म्हणून पायाची डॉप्लर सोनोग्राफी आणि रक्ताच्या गोठण चाचण्या या दोन्ही गोष्टी औषध सुरू होण्याआधी व्हायला हव्यात.

डीव्हीटी नक्की झाला तरी एक अडचण असते. रिफाम्पिसिनमुळे यकृत इतर औषधे झपाट्याने नष्ट करते. वॉरफॅरिनसारख्या गोळीचा परिणाम त्यामुळे बराच कमी होतो आणि नव्या प्रकारच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचाही होतो. टीबीचे औषध चालू आहे हे हृदयाच्या किंवा रक्ताच्या डॉक्टरांना सांगितले नाही, तर डोस चुकतो. टीबीचा कोर्स संपल्यावर वॉरफॅरिनचा तोच डोस जास्त होऊन रक्तस्राव होऊ शकतो, हेही लक्षात ठेवावे.

निदान कसे होते?

पहिल्या पायरीवरच्या तीन तपासण्या बऱ्याच ठिकाणी होतात : प्लेटलेट मोजणे, पीटी-आयएनआर आणि एपीटीटी. अ‍ॅक्वायर्ड हिमोफिलियात प्लेटलेट नेहमीएवढ्या असतात, पीटी नेहमीएवढा असतो आणि एकटा एपीटीटी लांबलेला असतो. अंगावर डाग आणि रिपोर्टवर फक्त एपीटीटी वाढलेला, ही जोडी दिसली की पुढची तपासणी लागते. फॅक्टर ५ विरुद्ध प्रतिपिंडे असतील तर पीटी आणि एपीटीटी दोन्ही लांबतात.

दुसरी पायरी मिक्सिंग टेस्टची. रुग्णाचा प्लाझ्मा आणि निरोगी माणसाचा प्लाझ्मा समप्रमाणात मिसळतात. घटक नुसता कमी असेल तर मिश्रण नीट गोठते. प्रतिपिंडे असतील तर ती निरोगी प्लाझ्मातल्या घटकालाही निकामी करतात आणि वेळ लांबलेलाच राहतो. फॅक्टर ८ विरुद्धची प्रतिपिंडे सावकाश काम करतात. म्हणून मिश्रण ३७ अंश तापमानात एक ते दोन तास ठेवून पुन्हा तपासावे लागते. लगेच केलेल्या तपासणीत ती निसटू शकतात.

टीबीसारख्या संसर्गात ‘ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट’ नावाची वेगळी प्रतिपिंडेही तात्पुरती तयार होतात. त्यांनी एपीटीटी लांबतो, पण रक्तस्राव होत नाही. त्यामुळे एका रिपोर्टवरून निष्कर्ष काढता येत नाही.

शेवटी फॅक्टर ८ किती टक्के उरला आहे आणि प्रतिपिंडांचा जोर किती, हे मोजतात. हा जोर ‘बेथेस्डा युनिट’मध्ये सांगतात. दोन तासांत निम्मा फॅक्टर ८ निकामी करणारी मात्रा म्हणजे एक युनिट. या तपासण्या सगळीकडे होत नाहीत. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे. रक्ताच्या अशा आजारांवर काम करणारी ती भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची संस्था आहे.

उपचार : तीन कामे एकाच वेळी

पहिले काम रक्त थांबवणे. नुसता फॅक्टर ८ टोचून उपयोग होत नाही, कारण प्रतिपिंडे तोही खाऊन टाकतात. म्हणून आठव्या घटकाला वळसा घालून रक्त गोठवणारी औषधे देतात, जसे की फॅक्टर ७ए किंवा फीबा. ही महाग असतात आणि रक्तस्राव किती गंभीर आहे हे पाहून वापरली जातात. नुसते डाग आहेत, रक्त वाढत नाही, तर दर वेळी लागतातच असे नाही.

दुसरे काम प्रतिपिंडे बंद करणे. त्यासाठी प्रेडनिसोलोनसारखे स्टेरॉइड आणि गरजेनुसार सायक्लोफॉस्फामाइड किंवा रिटुक्सिमॅब देतात. याला काही आठवडे, कधी काही महिने लागतात.

तिसरे काम टीबीचा उपचार, आणि खरी ओढाताण इथेच आहे. प्रतिपिंडे बंद करणारी औषधे रोगप्रतिकारशक्तीच दाबतात आणि दबलेल्या शक्तीच्या आडोशाने टीबी उसळतो. जर्मनी आणि ऑस्ट्रियातील १०२ रुग्णांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अ‍ॅक्वायर्ड हिमोफिलियाच्या रुग्णांचे मृत्यू रक्तस्रावापेक्षा संसर्गाने जास्त झालेले दिसले. तिथे टीबी तुरळक आहे. आपल्याकडे हा धोका अधिक गांभीर्याने घ्यावा लागतो.

म्हणून दोन नियम पाळले जातात. टीबी माहीत असेल तर त्याची औषधे चालू ठेवूनच स्टेरॉइड दिले जाते. रिफाम्पिसिन स्टेरॉइडचाही परिणाम घटवते, त्यामुळे डोस डॉक्टर वाढवतात. आणि टीबी माहीत नसेल तर स्टेरॉइड सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि गरज पडल्यास थुंकीची तपासणी होते. थुंकीतला जंतू शोधणारे ‘ट्रूनॅट’ हे यंत्र गोव्यातील मोलबायो कंपनीचे असून ते सरकारी केंद्रांत वापरले जाते.

बरे झाल्यावरही काही रुग्णांत प्रतिपिंडे परत येतात. डाग गेले म्हणून तपासणी सोडू नये. डॉक्टर सांगतील त्या अंतराने एपीटीटी करत राहावी.

घरच्यांनी काय टाळावे?

- टीबीच्या गोळ्या मनाने बंद करू नयेत. बंद करायच्या की बदलायच्या हे डॉक्टरच ठरवतील. पण प्लेटलेट घसरल्याचा किंवा काविळीचा संशय असेल तर पुढची गोळी घेण्याआधी त्याच दिवशी डॉक्टरांना भेटावे.
- दंडात किंवा कमरेत ताकदीचे इंजेक्शन घेऊ नये.
- अ‍ॅस्पिरिन, डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणू नयेत.
- सुजलेल्या भागाला मालीश, गरम शेक किंवा लेप नको.
- डाग किंवा गाठ फोडून रक्त काढू देऊ नये.
- दात काढण्याआधी डेंटिस्टला टीबी आणि डाग दोन्ही सांगावेत.

राज्य बदलले तरी उपचार तुटू नये

सीमाभागातला रुग्ण एका राज्यात राहतो आणि पुष्कळदा दुसऱ्या राज्यात उपचार घेतो. निपाणी-चिकोडीकडची माणसे कोल्हापूर-मिरजेला जातात, दोडामार्ग-सावंतवाडी आणि कारवारकडची बांबोळीला. टीबीची गोळी एका गावात, रक्ताचा रिपोर्ट दुसऱ्या गावात आणि स्टेरॉइडची चिठ्ठी तिसऱ्या गावात अशी स्थिती झाली, तर वर सांगितलेला औषधांचा घोळ होणे सोपे आहे.

टीबीच्या प्रत्येक नोंदणीकृत रुग्णाला निक्षय क्रमांक मिळतो. तो देशभर चालतो. राज्य बदलले तरी त्याच क्रमांकावर नोंद दुसऱ्या केंद्राकडे वर्ग होते आणि गोळ्या मोफत मिळतात. निक्षय पोषण योजनेची मदत १ नोव्हेंबर २०२४ पासून महिना ५०० वरून १,००० रुपये झाली आहे. निक्षयची मोफत हेल्पलाइन १८००-११-६६६६ ही आहे. आयुष्मान भारत कार्डही इतर राज्यांतल्या संलग्न रुग्णालयांत चालते. मात्र महागडे औषध पॅकेजमध्ये बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दाखल होतानाच विचारावे.

मोठ्या तपासणीसाठी वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले रुग्णालय गाठणे बरे. बेळगावात बिम्स, गोव्यात बांबोळीचे गोमेकॉ, इंदूरला एम. वाय., ग्वाल्हेरला जयारोग्य, वडोदऱ्यात एसएसजी, हैदराबादेत उस्मानिया ही अशी रुग्णालये आहेत. तिथे फॅक्टरची तपासणी होते की नमुना बाहेर पाठवला जातो, हे आधी विचारून घ्यावे. त्याने एक हेलपाटा वाचतो.

जाताना एका पिशवीत एवढे असावे : निक्षय क्रमांक, चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे, आतापर्यंतचे रक्ताचे रिपोर्ट, एक्स-रे आणि डाग कधीपासून आहेत याची तारीखवार नोंद. कानडी, गुजराती किंवा तेलुगू भागातल्या डॉक्टरांसमोर भाषा अडली तरी ही पिशवी बोलते.

टीबीचा कोर्स साधारण सहा महिन्यांचा असतो. त्या सहा महिन्यांत अंगावर उठलेला पहिला मोठा डाग पाहिला की घरातल्याने एवढे विचारावे : प्लेटलेट, पीटी आणि एपीटीटी केले का? या तीन चाचण्यांनी सगळे निदान होत नाही, पण चुकीच्या रस्त्याला लागलेला रुग्ण बहुधा इथेच परत फिरतो.